धरणावरचे निळे कॅन

शर्यतीत मी पहिला आलो आणि बाद झालो. हे वाक्य या उन्हाळ्यात मी इतक्या जणांना ऐकवलं आहे, की ते सुरू झालं की बायको उठून कूलर मोठा करते.

दारव्ह्याला माझं दोरखंड, ताडपत्र्या आणि रिकाम्या कॅनचं दुकान आहे. तांड्यावरून आलो तेव्हा बाजाराच्या दिवशी जमिनीवर ताडपत्री टाकून बसायचो. कोणी हात धरून वर आणलं नाही. भाव करताना माझा आवाज चढतो, हे गावाला ठाऊक आहे. कयाक, म्हणजे वल्हवायच्या निमुळत्या होड्या, त्याही माझ्याकडे मालासारख्याच आल्या. एका तलावाकाठचं रिसॉर्ट बंद पडलं. तिथल्या ताडपत्र्या उचलायला गेलो आणि घासाघीस करता करता त्याच भावात चार कयाक टेम्पोत घालून आणल्या. दोन विकल्या गेल्या. एक एकट्याची आणि एक दोघांची, या कोणी घेईना. मग मीच पाण्यात उतरलो.

मागच्या गल्लीत झेडपी शाळेतून निवृत्त झालेले एक शिक्षक राहतात. मी त्यांना सर म्हणतो, ते मला भाऊ. दोघांच्या कयाकमध्ये ते पुढे बसू लागले. पुढच्याने लय धरायची, मागच्याने दिशा. मागच्याला दिवसभर पुढच्याची फक्त पाठ दिसते. चार उन्हाळे ती पाठ बघत मी नद्या फिरलो. दुकानात मी दिवसभर बोलतो; तिथे बोलावं लागायचं नाही.

यंदा आसपासच्या तालुक्यांतल्या हौशी लोकांनी धरणावर एकट्याच्या कयाकची शर्यत ठेवली. पंच म्हणून सर. वळायच्या खुणेसाठी नागपूरहून मोठे नारिंगी फुगे आणायचं ठरत होतं. मी बैठकीत भांडलो. माझ्या दुकानात निळे कॅन पडले आहेत, झाकण घट्ट लावलं की बुडत नाहीत, दगड बांधून सोडा पाण्यात. नेहमीप्रमाणे माझंच खरं झालं. तेच निळे कॅन मी दोन वर्षं धरणावरच्या मासेमारांना जाळी तरंगवायला विकत होतो, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

खुणेच्या कॅनला लाल चिंधी बांधली होती. ती ओली होऊन पाण्यात गेली. मी सगळ्यांच्या पुढे, मान खाली घालून वल्हवतोय. वर पाहिलं, निळा कॅन दिसला, झोकात वळसा घातला. लांब नावेत उभे राहून सर दोन्ही हात हलवत होते. मला वाटलं, शाबासकी देताहेत.

काठावर आलो. मागोमाग सरांची नाव लागली, सरांच्या हातात लाल झेंडी.

"सर, मी पह्यला आलो!"

"आले. पण खुणेले वळसा नाही घातला. बाद."

"मंग मी कायले वळसा घातला?"

"जाळ्याले."

गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "भाऊ, मासे किती लागले?" सगळा काठ हसला. मी वल्हं आपटलं, नको ते बोललो. चार उन्हाळ्यांच्या सोबतीत या माणसाला एकदासुद्धा डोळे झाकता आले नाहीत, हे मला लागलं.

तीन आठवडे मी त्या गल्लीतून गेलो नाही. पण पैनगंगेला वरच्या धरणाचं पाणी सुटलं, आणि दरवर्षीची आमची दोन दिवसांची फेरी आली. मुकुटबनजवळ काठाला लागायचं, तिथे सरांच्या बहिणीकडे जेवायचं. दोघांची कयाक एकट्याने वळत नाही. सर आले नाहीत तर ती कायमची दुकानामागे पडणार, हे मला कळत होतं. निरोप पाठवला. सर भल्या पहाटे ताकाची बाटली घेऊन दारात उभे.

"राग असन तं आताच सांगा. मी वापस जातो."

"राग कायचा? बसा."

पहिला दिवस आम्ही कामापुरतं बोललो. ऊन असं, की वल्ह्याचा दांडा हाताला भाजे. उथळ ठिकाणी उतरून कयाक ओढायची, पुन्हा बसायचं. मी मनात सौदा मांडत होतो. आधी म्हणायचं, निकाल बदला. नाही म्हणाले तर निदान एवढं कबूल करा, की मीच जिंकलो होतो. नदीच्या वाळूतल्या डांगरवाडीत एक डांगर, म्हणजे खरबूज, घेतलं, सांगितला तो भाव देऊन टाकला. सरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मला भांडायचा कंटाळा आला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका डोहात समोर दोन निळे कॅन. मी पाहिले. वळवायला उशीर केला, आणि कयाकचं बूड जाळ्यात अडकलं.

काठावरून एक बाई ओरडली, "ओ दादा! डोये हायेत का बटनं? एवढाले कॅन दिसत नाहीत?"

ती कमरेइतक्या पाण्यात आली, बडबडत जाळं सोडवून गेली. पुढे सरांची पाठ हलायला लागली. ते हसत होते, आवाज न करता.

डोह मागे पडल्यावर मी विचारलं, "सर, त्या दिवशी पह्यला कोण आलता?"

"तुम्ही." वल्हं थांबलं नाही. "पह्यले तुम्हीच आले आन बादही तुम्हीच झाले. दोन्ही मीच पाह्यलं. एवढंच इचारायचं होतं तं घरी काहून नाही आले?"

धंद्यात पहिल्याच शब्दाला समोरचा हो म्हणाला, की मला रात्रभर वाटत राहतं, आपण मागण्यात चुकलो. इथे तर तीन आठवडे मागितलंच नव्हतं.

"पुढच्या सालचे फुगे मी आणतो," मी म्हणालो. "नारिंगी. नागपूरहून."

"घासाघीस न करता?"

"ते नाही सांगत."

मुकुटबनजवळ काठाला कयाक ओढताना माझे हात उचलत नव्हते. सरांनी पुढची कडी धरली आणि मी मागची धरेपर्यंत थांबून राहिले. मला तो निकाल अजून पटलेला नाही. वर आम्हाला न्यायला आलेला टेम्पो हॉर्न देत होता. आम्ही कयाक उचलली.