एका बोटाने मिटणारं दार

गल्लीत त्यांना सगळे एकबोटे म्हणत. आडनाव नव्हे ते. सवयीवरून पडलेलं नाव. दार बसवून झालं, की सुतारकाका उजव्या हाताची तर्जनी पुढे करून ते हलकेच ढकलत. कुरकुर न करता, मध्ये न अडता दार मिटलं, तरच हत्यारं पिशवीत जात. नाहीतर पुन्हा बिजागरी सोडायची, पुन्हा रंधा मारायचा. दाराचं वजन बोटालाच कळतं, डोळे भुलतात, असं त्यांचं म्हणणं. काकू थट्टा करायच्या, की मला बघायला आलात तेव्हाही आमचं दारच ढकलून बघत होतात. आणि ते खरं होतं.

काकांच्या धाकट्या भावाला या दोघांनीच वाढवलं. त्याला सुतारकाम रुचलं नाही. त्याचा जीव गाडीत. शाळेच्या बसवर चालक म्हणून त्याला नुकतंच घेतलं होतं, आणि त्याच आठवड्यात दादांची दारं पोचवताना त्याने घरचा टेम्पो खांबावर घातला. त्याला खरचटलंसुद्धा नाही. शेजारी बसलेल्या दादांचा उजवा हात समोरच्या काचेत गेला.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? भाऊ भिंतीला टेकून उभा होता. मुलांची बस चालवणाऱ्याच्या नावावर अपघात लागला, तर नोकरी गेलीच म्हणायची. सुतारकाकांनी एकवार त्याच्याकडे पाहिलं आणि सांगितलं, शिडीवरून पडलो. काकूंनीही मान डोलावली.

जखम शिवली. पण तर्जनीची नस तुटली होती. ती जोडायला दुसरं ऑपरेशन हवं होतं, आणि लवकर हवं होतं. खर्च मोठा, म्हणून विम्याच्या होकारासाठी सगळं थांबलं. काकूंनी आजारपणाच्या विम्याचा हप्ता कधी चुकवला नव्हता, त्यामुळे त्या निर्धास्त होत्या. पण कंपनीने विचारलं, शिडीवरून पडलेल्या माणसाच्या जखमेत गाडीच्या काचेचे दाणे कसे? अपघात गाडीचा असेल, तर आधी गाडीच्या विम्याने द्यायचं; ते पुरलं नाही, तर उरलेलं आम्ही देऊ. काकू गाडीच्या विम्यावाल्यांकडे गेल्या. ते म्हणाले, तुमचे यजमानच शिडी म्हणतात, मग आमचा काय संबंध?

इस्पितळाच्या बिलाच्या खिडकीतली बाई भली होती. काय ते खरं एकदा सांगून टाका, दोन्हीकडची गाठ सुटेल, असं तिने हळूच सुचवलं. पण खरं सांगायचं, तर गाडी कोण चालवत होतं तेही सांगावं लागणार. आणि सुतारकाकांनी काकूंना शपथ घातली होती.

भाऊ रोज यायचा. डबा आणायचा, उशी सारखी करायचा, दादांची दाढी करून द्यायचा. ती एक गोष्ट सोडून सगळं बोलायचा. शेवटी काकूंनी त्याला जिन्यात गाठलं.

"भावजी, दादांचं बोट तुमच्या तोंडाची वाट बघतंय."

तो एक पायरी खाली उतरला. "वहिनी, नोकरी पक्की होऊ दे. मग मीच सांगतो."

त्याला धरून गदागदा हलवावं, असं काकूंना वाटलं. पण याच पोराला मांडीवर घेऊन त्यांनी भरवलं होतं. त्या वर गेल्या.

नोकरी पक्की व्हायच्या आधीच त्याला राहवेना. एका सकाळी तो आपणहून विम्याच्या कचेरीत गेला आणि सगळं सांगून आला. मग आधी गाडीच्या विम्याने दिलं, उरलेलं आजारपणाच्या विम्याने, अगदी ठरल्या क्रमाने. त्याची नोकरी गेली. ऑपरेशन झालं. नस फार दिवस तुटलेली राहिली होती, असं डॉक्टर म्हणाले. बोट वाकू लागलं, पण त्याला स्पर्श कळेना. गरम, गार, गुळगुळीत, खरखरीत, सगळं सारखंच.

आता भाऊ दादांच्या हाताखाली रंधा मारतो. त्याने बसवलेलं पहिलं दार घरातलंच होतं, स्वयंपाकघराचं. काम झालं, तेव्हा काकू चहा घेऊन आल्या होत्या. सुतारकाकांनी सवयीने तर्जनी पुढे केली. दार न कुरकुरता मिटलं. तरी काका बोट फळीला टेकवून तसेच उभे राहिले.

"हलकं आहे का रे?" त्यांनी विचारलं. "तू सांग."

भावाने चौकटीवर कपाळ टेकलं.

काकूंच्या दोन्ही हातांत कप होते. दाराला हात न लावताच त्या म्हणाल्या, "हलकं आहे."