शहाळं आणि ओटी

देवीवर माझा विश्वास होता, पण माझ्या नवसांवर त्याहून जास्त होता. कबूल करते.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गिरणी बंद पडल्यावर आम्ही नुकतेच चारकोपला राहायला आलो होतो आणि ह्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. आठ दिवसांनी शुद्ध आली, पण वाढत्या रक्तदाबाने किडन्याही खराब केल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, दाब हळूहळूच उतरवायला हवा. लघवी रोज कमी होत चाललेली. मी देवीला साकडं घातलं, "माझं कुंकू राख, खणानारळाने तुझी ओटी भरीन." देवळातून निघाले ती शहाळं घेऊनच अंधेरीच्या हॉस्पिटलात गेले. शहाळ्याने लघवी मोकळी होते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं.

पेला ह्यांच्या ओठांना लावणार, तोच माझा हात कोणीतरी घट्ट धरला. शेजारच्या खाटेवर जिचा भाऊ होता, ती त्याच्या उशाशी बसणारी मनोरीची कोळीण. कपाळ मोकळं. नको त्या वेळी नको तो हात लागला, असंच माझ्या मनात आलं. आज लिहितानाही लाज वाटते.

"सोड हात!" मी ओरडले.

"सोडते. पन आदी डाक्टरला इचार गो बाय. माज्या घोवाच्या बी किडन्या गेलेल्या. मीच पाजला त्याला शालं, मायेनं. सांजंला गेला तो."

मी तणतणत गेले ती तिची तक्रार करायला. डॉक्टरांनी पेला माझ्या हातातून काढूनच घेतला. "यांच्या रक्तात पोटॅशियम आधीच वाढलंय. हृदय बंद पडलं असतं, बाई."

पुढे मी माझं डोकं चालवलं नाही. गोळ्या वेळेवर, पाणी मोजून, जेवण अळणी. "अगं, निदान पापड तरी भाज!" म्हणून हे चिडायचे. हळूहळू दाब आटोक्यात आला, लघवी वाढली, आणि एक दिवस हे काठी टेकत घरी आले.

नवस फेडायला निघाले, पण पाय देवळाकडे वळेनात. मार्व्याहून होडीने मनोरीला गेले. ती बोंबील वाळत घालत होती. ओटी पाहून मागे सरली. "मना नको गो बाय. माजा कपाल मोकला. देवीला भर."

"देवीचीच भरतेय," मी म्हटलं. तिने हात लुगड्याला पुसले आणि पदर पसरला.

आता देवीकडे मी फारसं काही मागत नाही. एवढंच म्हणते, मी चुकले तर माझा हात धर.