मातृभाषेचा रकाना

"उभ्या राहा बाई. बोलून दाखवा ना जरा."

नव्वदीच्या सुरुवातीची जनगणना. तालुक्याच्या कचेरीत प्रशिक्षण होतं. पन्नासेक मास्तर-मास्तरणी सतरंजीवर. शिकवणारे साहेब बाहेरून बदलून आलेले, बोलणं पुस्तकासारखं. मातृभाषेचा रकाना आला तसं त्यांनी मला सहज विचारलं, तुमची कोणती? मी धरणगावकडची, कापसाच्या शेतात वाढलेली. म्हटलं, अहिराणी. झालं. साहेब खुशीत आले.

उभी राहिले. सगळे आधीच हसायला लागले होते. तोंडातून आलं ते एवढंच, "काय बोलू सायेब? बठ्ठा हासी ऱ्हायनात."

मग तर हसण्याला ऊतच आला. हसणाऱ्यांत निम्मे आमच्याच बोलीचे. घरी बायकोशी, म्हशीशी तीच बोलणारे. त्यांचा राग आला, पण फार नंतर. तेव्हा काहीच वाटलं नाही. दात काढताना हिरडी बधिर करतात, तशी सगळी मी.

साहेबांनी डोळे पुसले. "छान करमणूक झाली. आता ऐका. सरसकट मराठी लिहायचं. बाकीच्या सगळ्या बोली त्यातच येतात."

हातातल्या पुस्तिकेत छापलेलं होतं, माणूस सांगेल तीच भाषा लिहावी. कुणी ते वाचून दाखवलं नाही. मीही नाही. खाली बसले.

मला सातपुड्याच्या पायथ्याचं गाव मिळालं. माणशी एक चिठ्ठी भरायची. काम लवकर उरकावं म्हणून आम्ही सगळेच एक करायचो. आदल्या दुपारी घरी बसून कोऱ्या चिठ्ठ्यांवर मातृभाषा लिहून टाकायची. नाव नाही, वय नाही, माणूस अजून समोर आलेला नाही, भाषा तेवढी तयार. मीही लिहिलं. चिठ्ठीमागून चिठ्ठी, मराठी, मराठी. हात दुखला, बाकी काही नाही.

पावरा आदिवासींच्या वस्तीत एक म्हातारी अंगणात तूर झोडत होती. नाव सांगितलं, वय अंदाजाने सांगितलं. मग काठी बाजूला ठेवून जवळ आली.

"काय लिखं ते वाची दाखाड."

मी वाचलं. मातृभाषा, मराठी.

"मराठी तं सायेबनी शे. मन्ही कसी व्हई? बजारमा मी अहिराणी बोलस, घरमा पावरी." चिठ्ठीवर बोट ठेवलं. "तू माले इचारंच नही."

ती रागावली नव्हती. पुन्हा काठी उचलून तूर झोडायला लागली. मी मात्र तिथंच बसून राहिले. साहेबांनी मला निदान विचारलं तरी होतं. मी तेही केलं नव्हतं. शाळेत तरी वेगळं काय करत होते? पोर आईच्या बोलीत पाणी मागायचं, मी म्हणायची, आधी नीट बोल. आणि लोकांचा कारभार लोकांच्या भाषेत व्हावा म्हणून भाषावार राज्यं झाली, हा धडा वर्गात मीच शिकवायची. या अंगणापर्यंत ते राज्य पोचलंच नव्हतं. पोचलं होतं ते माझ्या हाताने आधीच भरलेल्या चिठ्ठीच्या रूपात.

त्याच अंगणात सगळ्या चिठ्ठ्यांवरची मराठी खोडली. झालेली घरं पुन्हा फिरले. प्रत्येकाला विचारलं. पावरी, भिली, अहिराणी. ज्यांनी मराठी सांगितली त्यांची मराठी. प्रत्येक खाडाखोडीशेजारी माझी सही.

कचेरीत साहेबांनी माझ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा टेबलावर आपटला. "हा काय चिखल केलाय? सगळं परत लिहा. सरसकट."

"मी परत लिखाव नही," मी म्हटलं.

गठ्ठे द्यायला आलेल्यांपैकी मागच्या बाकावर कुणीतरी हसायला सुरुवात केली. मी वळून त्याच्याकडे पाहिलं. तो गप्प झाला.

"वर कळवावं लागेल तुमचं नाव. नोकरीवर येईल."

"कळवा. नावापुढं मातृभाषा पण लिहा. आज विचारलं नाहीत, तरी सांगते. अहिराणी."

गठ्ठा उचलून त्यांच्या हातात दिला आणि पोच मागितली. पोच मिळेपर्यंत मी टेबलासमोरून हलले नाही.