मालक गाडीत बसलेत

आम्ही दोघं इटलीला जाणार आणि तिथे गाडी मी चालवणार, हे कळल्यावर गंगापूर रोडच्या आमच्या सोसायटीत लोकांनी मला जिन्यात अडवून सल्ले दिले. नणंदेने तर देवळ्याहून फोन केला. म्हणाली, वहिनी, आपल्याकडे धरणं आहेत, द्राक्षाच्या बागा आहेत, आता तर वाईनसुद्धा मिळते, मग तिकडे काय वेगळं बघणार? मी म्हटलं, हेच बघणार, पण तिकडचं. तिला राग आला. येऊ दे. साठी उलटल्यावर दुसऱ्यांचे राग सांभाळायचे नाहीत, असं मी ठरवूनच टाकलंय.

जायचं कारण म्हणजे माझ्या नवऱ्याचे डोळे. देवळ्याला त्यांची कांद्याची आडत होती. तिथे भिंतीवर एका बियाण्याच्या कंपनीचं कॅलेंडर होतं, त्यावर निळं तळं, मागे डोंगर, काठाला पिवळी घरं. साल संपलं तरी यांनी ते काढलं नाही. एकदा बघायला पाहिजे, म्हणायचे, आणि तेवढ्यात कांद्याचा हंगाम यायचा. आता त्यांना काचबिंदू झालाय. नजर कडेकडून जाते, समोरचं तेवढं उरतं. गेलेली परत येत नाही आणि उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. त्याच दिवशी यांचं गाडी चालवणं बंद झालं.

मग मी शिकले. माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. आयुष्यभर कापडावर सरळ रेघ मारली, रस्त्यावर का नाही जमणार? ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर म्हणाला, काकू, या वयात कशाला? त्याला म्हटलं, तू क्लच शिकव, वय माझं मी बघते. नंतर दर रविवारी यांना शेजारी बसवून मी सुरगाण्याकडच्या घाटात जायचे. टपावर माणसं बसवलेली जीप वळणावर समोरून अंगावर येते तेव्हा जो शिकतो तो खरा शिकतो.

पुण्याला असलेला मुलगा ग्रुप टूरचं म्हणत होता. आई, सगळं तयार असतं, जेवणसुद्धा आपलं मिळतं. मी म्हटलं, चाळीस वर्षं एकत्र कुटुंबात काढली, माझा ग्रुप झालाय आता. खरी गोष्ट वेगळी होती. यांना काहीही बघायचं तर मान फिरवत, एकेक तुकडा जोडत बघावं लागतं. टूरवाले तळ्यासमोर फोटोपुरतं उतरवणार आणि परत बसमध्ये कोंबणार. यांना तळं बघायचं होतं, अगदी मन भरेपर्यंत, आणि ते नजर आहे तोवरच. म्हणून गाडी आपली पाहिजे आणि वेळही आपला पाहिजे, एवढाच माझा हट्ट होता.

मिलानला भाड्याची गाडी ताब्यात घेतली. स्टिअरिंग डावीकडे, सगळंच उलटं. पहिल्या वळणाला सिग्नल द्यायला गेले तर वायपर फिरायला लागले. बाहेर लख्ख ऊन आणि आमच्या काचेवर खराट्यासारखे फराफरा वायपर! हे खो खो हसले. कोमोचं तळं आलं तेव्हा मी पहिल्या मोकळ्या जागेला गाडी लावली आणि हे कठड्याला धरून उभे राहिले. मान डावीकडून उजवीकडे, परत उजवीकडून डावीकडे. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी म्हणाले, कॅलेंडरवाल्याने रंग जरा जास्तच मारला होता. पण डोळे पुसत होते.

तिथून पुढे मात्र रस्ता म्हणजे नुसती बोळ. एकीकडे घरांच्या भिंती, दुसरीकडून येणाऱ्या बसेस. हे दर वळणाला दाराचं हँडल धरून ओरडायचे, भिंत, भिंत! मी म्हणायचे, दिसतेय मला. एका गावात बसला जागा देताना उजवा आरसा दगडाला घासला. ओरखडा आला, बाकी काही नाही. आरसा दुमडला होता, तो मी हाताने सरळ केला आणि निघालो.

त्या संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीत मी चहा करत होते. हे गॅलरीत फोनचा स्पीकर लावून मुलाशी बोलत होते आणि मला सगळं ऐकू येत होतं. यांनी आरशाचं सांगितलं. त्याने लगेच तिकडूनच ड्रायव्हर ठरवला, परवा सकाळी आल्बा नावाच्या गावात येईल, तिथून पुढचे सगळे दिवस तोच गाडी चालवेल. हे म्हणाले, बरं, तुला योग्य वाटेल तसं. संपलं! माझ्या हातातली गाडी बापलेकांनी काढून घेतली आणि मला कोणी विचारलंसुद्धा नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. चहा त्यांच्यासमोर ठेवला आणि त्या रात्री एक शब्द बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी आल्बाकडे निघालो, म्हणजे माझा गाडी चालवायचा शेवटचा दिवस. तळं मागे राहिलं आणि टेकड्या सुरू झाल्या. टेकडीच्या माथ्यापर्यंत द्राक्षाच्या ओळी, दिंडोरीसारख्याच, फक्त उतारावर. एका बागेपाशी हे म्हणाले, थांबव ना. अबोल्यातच थांबवली. गाडी लावायला जागा विचारावी म्हणून मी एकटी आत गेले. अंगणात माझ्याच वयाची एक बाई पेट्या धूत होती. मी फोनवरचं भाषांतराचं ॲप काढलं. मी मराठीत बोलायचं, ते इटालियनमध्ये बोलणार, ती बोलली की मला मराठीत. तिने गाडी लावू दिली, वर म्हणाली, आत या, बाग बघा, आमची वाईन चाखा. मी आपलं सवयीने म्हटलं, मालक गाडीत बसलेत, त्यांना विचारून सांगते.

आमच्या देवळ्याच्या घरात सासूबाई सासऱ्यांना मालक म्हणायच्या, मोठी जाऊ तिच्या नवऱ्याला म्हणायची, मीही म्हणायला लागले. परक्या माणसासमोर तोंडात तोच शब्द येतो.

बाईचा चेहरा बदलला. तिने विचारलं, तो माणूस तुमचा मालक आहे? मी म्हटलं, हो. किती वर्षांपासून? चाळीस. तुमचा पासपोर्ट कोणाकडे आहे? त्यांच्याकडेच, दोन्ही त्यांच्या गळ्यातल्या पिशवीत असतात. गाडी कोण चालवतं? मी. आणि तो? ते बसतात. तिने हातातली पेटी खाली ठेवली, माझा हात धरून मला स्वयंपाकघरात नेलं, खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. मला वाटलं, किती अगत्य! मग तिने दाराची कडी लावली आणि स्वतःचा फोन उचलला. माझ्या फोनमधून आवाज आला, घाबरू नका, मी पोलिसांना बोलावते.

नवरा, नवरा, असं मी चार वेळा ओरडले तेव्हा कुठे ॲपला समजलं. बाईने फोन ठेवला. मला वाटलं आता हसेल. ती हसली नाही. समोर बसली आणि तिने शांतपणे विचारलं, नवरा आहे तर मालक का म्हणता? मी म्हटलं, आमच्याकडे म्हणतात. ती म्हणाली, त्याला विचारल्याशिवाय तुम्हाला आत येता येत नाही का? खोटं सांगत नाही, मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोघंही वाईन चाखायला येतो म्हटलं आणि बाहेर आले.

हे गाडीत घाम पुसत बसले होते. सगळं सांगितलं. आधी हसले, मग पोलिसांचं ऐकून हसणं थांबलं. म्हणाले, "मी कधी म्हटलं मला मालक म्हण म्हणून?"

"नको तरी कधी म्हणालात?" मी म्हटलं. रात्रीपासून तुंबलेलं सगळं बाहेर आलं. "ड्रायव्हर ठरवताना मला विचारलंत? गाडी मी चालवते, परवाना माझा, घाट मी पालथे घातले, आणि निर्णय कोणाचा? पुण्याहून तो ठरवणार आणि तुम्ही बरं म्हणणार. आणि वर मीच तुम्हाला मालक म्हणत फिरतेय. हे आज बंद. शब्द पण बंद आणि ड्रायव्हर पण."

ते समोरच्या ओळींकडे बघतच म्हणाले, "तुझ्या चालवण्याची भीती नाही गं. मला बाजूचं दिसत नाही. भिंत नसते, नसते आणि एकदम अंगावर येते. मुलाला हे सांगायची लाज वाटली. मग आरशाचं सांगितलं."

एवढंच होतं होय! मला रडू पण आलं आणि राग पण. आपली भीती लपवायला माझा आरसा पुढे केला. मी म्हटलं, एवढं बोलला असतात तर मी प्रत्येक भिंत तुम्हाला आधी सांगितली असती. बोलायला काय झालं होतं? त्यांनी गळ्यातल्या पिशवीतून माझा पासपोर्ट काढून माझ्या हातात दिला आणि मुलाला फोन लावला. स्पीकर चालू होता. ड्रायव्हर नको म्हणून सांग, म्हणाले. मुलगा चिडला. बाबा, तुम्हाला दिसत नाही, आईला तिकडची सवय नाही, उद्या काही झालं तर?

"झालं तर दोघांना होईल," हे म्हणाले. "आता ठेव, ती बाई आमच्यासाठी थांबलीय."