मिटलेली मूठ

माझा पाय मुरगळला होता, म्हणून सखूमावशींच्या ओट्यावर बसलो होतो. मावशी रानातून पाला घेऊन आल्या, पण मूठ घट्ट मिटलेली. त्यांची सून कविता फोनवर रेकॉर्डिंग चालू करून वाटच पाहत होती.

"आत्याबाई, नाव सांगा. आपण नोंद केली नाही, तर उद्या एखादी कंपनी याचं पेटंट घेऊन बसेल."

"नाव घेतलं की पाल्याचा गुण जातो," मावशी म्हणाल्या.

मला दोघींचंही पटत होतं आणि त्याचाच राग येत होता. आपली वस्तू आपली राहावी म्हणून ती आधी परक्यांपुढे उघडून दाखवायची, हा कुठला न्याय? आणि नाही दाखवली, तर उद्या आपणच चोर!

पाय ठणकत होता. अखेर मावशींनी पाला तळहातावर चोळून माझ्या घोट्यावर बांधला आणि तो हिरवा, ओला हात कविताच्या नाकाशी नेला.

"हुंग. ओळखलास का?"

कविताने हळूच मान डोलावली. फोन चालूच होता. आता नाव सांगायचं की नाही, हे तिच्यावर आलं होतं. आणि तिच्याही नकळत तिची मूठ मिटली होती.