अर्लिसबाईची सोनोग्राफी

अर्लिस ट्वेटच्या हाताला फसवणं आजवर एकाही गाईला जमलं नव्हतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या हॉकिन्स रिज या टेकडीवर तिच्या गोठ्यात बेचाळीस दुभत्या गाई होत्या. दूध काढायचं यंत्र लावण्याआधी ती प्रत्येकीच्या कासेवरून चार बोटं फिरवायची, आणि कुठल्या सडाला दगडीची सूज धरू पाहतेय ते गाईच्या आधी तिला कळायचं. आसपासचे शेतकरी गुरांच्या डॉक्टरला बोलावण्याआधी अर्लिसला बोलावत. ती यायची, हात लावायची, "दोन दिवस शेक द्या" नाहीतर "डॉक्टरला फोन करा" एवढंच म्हणायची आणि कॉफी पिऊन घरी जायची.

पण लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं म्हणतात ते उगीच नाही. मार्चमध्ये एका आडदांड गाईनं तिला कठड्यावर रेटलं. डावीकडं कळ आली म्हणून तिनं छाती चाचपली, तर आतल्या बाजूला द्राक्षाएवढी गाठ. गाईला अशी गाठ लागली असती तर अर्लिसनं त्याच दिवशी हालचाल केली असती. स्वतःसाठी मात्र तिनं गोठ्यातला मलमाचा डबा उघडला. कासेला चोळायचं ते पुदिन्याच्या वासाचं मलम बारा दिवस, सकाळ-संध्याकाळ, वर गरम फडक्याचा शेक. गाईचं दूध तुंबतं तसंच काहीतरी तुंबलं असेल, असा तिचा हिशेब. एकसष्टाव्या वर्षी, धाकटा मुलगा तिशी ओलांडून गेल्यावर, तुंबायला दूध येणार कुठून, हे विचारायला कोणी नव्हतं. कारण तिनं कोणाला सांगितलंच नव्हतं.

तेराव्या दिवशी न्याहारीला तिचा नवरा मर्ल म्हणाला, "अर्लिस, तुला गोठ्याचा वास येतोय."

"चाळीस वर्षं येतोय. आज काय नवीन?"

"गोठ्याचा म्हणजे, मलमाचा. रविवारी चर्चमध्येसुद्धा येत होता. कुठं लावतेस?"

अर्लिसनं पावाला लोणी लावता लावता सांगून टाकलं. मर्लचा चमचा वाटीतच राहिला.

"मग? उतरली गाठ?"

"नाही."

"आणि बारा दिवसांत कासेची सूज उतरली नाही, तर गाईचं काय करतेस?"

"डॉक्टरला फोन."

मर्ल उठला, फोन आणून त्यानं तिच्या बशीशेजारी ठेवला आणि ती बोलेपर्यंत तिथंच उभा राहिला.

"करते रे बाबा," ती म्हणाली. "पण गावात चकार शब्द नको. नाहीतर चर्चच्या बायका बटाट्याच्या भाजीची भांडी घेऊन दारात उभ्या. मी मरायच्या आधीच माझ्या मयताचं जेवण घालतील."

विनोद तिनं केला खरा. पण त्या द्राक्षात काय आहे, पाणी की मरण, एवढाच प्रश्न होता. तो तिनं बारा दिवस मलमाखाली झाकून ठेवला होता.

मंगळवारी तालुक्याच्या दवाखान्यात आधी मॅमोग्राफी झाली. छाती दोन पाट्यांत दाबून फोटो काढले. मग तिला एका मंद उजेडाच्या खोलीत नेलं. तिथं यंत्र चालवणारी पोरगी शेल्बी, तिशीची असेल. तिनं अर्लिसला समोरून उघडणारा झगा दिला, पाठीशी उशी सरकवून थोडं कुशीवर वळवलं, डावा हात डोक्यावर घ्यायला लावला आणि नाकानं हुंगलं.

"अर्लिसबाई, काही लावून येऊ नका असं सांगितलं होतं ना? हा वास मी कुठंही ओळखीन. आमच्या आजोबांच्या गोठ्यातला आहे."

"कालच बंद केलंय गं. अंगात मुरलंय त्याला मी काय करू?"

शेल्बी हसली. तिनं ओल्या रुमालानं पुसून घेतलं आणि वर कोमट, बुळबुळीत जेल ओतलं. "दुखणार नाही. थोडं दाबेन. बोललात तरी चालेल, पण मी काही सांगणार नाही. ते डॉक्टरांचं काम."

मग तिनं हातातला चपटा ठोकळा जेलवरून सरकवला आणि पडद्यावर चित्र उमटलं.

अर्लिसला सोनोग्राफी नवी नव्हती. गुरांचा डॉक्टर गाई गाभण आहेत का बघायला यायचा, तेव्हा वर्षानुवर्षं तिनं त्याच्या यंत्रात डोकावलं होतं. पाणी काळं दिसतं, मांस करडं, हे तिला ठाऊक होतं. पण हे तिचं स्वतःचं होतं. वर कातडीची लख्ख रेघ. खाली चरबीचे गडद करडे डोंगर. त्यांच्यामधून पांढुरके पट्टे वाहत होते, आणि पट्ट्यांत केसासारख्या काळ्या वाटा.

"या कसल्या वाटा गं?"

"दुधाच्या नळ्या. हे सांगितलं तर चालतं."

अर्लिस मान उंचावून बघू लागली. तीन लेकरं या वाटांवर वाढली होती. आयुष्यभर हजारो कासा हाताळल्या, त्यांचं कौतुक केलं. आणि आपण अंगात इतकं नाजूक विणकाम घेऊन हिंडत होतो, याची तिला गंधवार्ता नव्हती. भीती क्षणभर विसरली ती. देवळात शिरल्यावर आवाज आपोआप खाली येतो, तसं तिचं झालं.

मग गाठ आली. गोल, काळी. शेल्बीनं कडेला छोट्या फुल्या मारून मापं घेतली, एक कळ दाबून रक्त वाहतंय का ते पाहिलं. काळं म्हणजे पाणी, अर्लिसचा जीव थोडा हलका होऊ लागला. तेवढ्यात ठोकळा खाली सरकला आणि तळाशी एक काळपट लांबोडा गोळा दिसला. पाठीमागे काळोखी सावली. त्याच्या शेजारी दुसरा. मग तिसरा. सारख्या अंतरावर, एकामागून एक.

गाईच्या पोटात तिनं असं कधी पाहिलं नव्हतं. तिनं मोकळ्या हातानं पडद्याकडं बोट दाखवलं.

"पोरी, खाली ते काय आहे?"

"डॉक्टर सांगतील हं," शेल्बी म्हणाली. ती ताकास तूर लागू देईना. पुसायला टॉवेल देऊन बाहेर गेली.

दहा मिनिटं अर्लिस छताकडं बघत पडली. एक नव्हे, चार गाठी. पार आत गेलंय. मर्लला कसं सांगायचं, हे ती मनात जुळवू लागली. जुळेना.

डॉक्टर एलिझाबेथ फेनविक आल्या. उंच, केस पांढरे, हात उबदार. त्यांनी स्वतः पुन्हा ठोकळा फिरवला आणि पडदा अर्लिसकडं वळवला.

"अर्लिसबाई, ही तुमची गाठ. पातळ, गुळगुळीत भिंत, आत नुसतं पाणी. साधी पाण्याची गाठ. तुमच्या वयात जरा कमी दिसते, पण दिसते. मॅमोग्राफीसुद्धा स्वच्छ आहे. दुखली तर सुईनं पाणी काढू, नाहीतर काहीच करायचं नाही."

"आणि बाकीच्या?"

"कुठल्या बाकीच्या?"

"त्या खालच्या. मोजल्यात मी. तीन आहेत."

डॉक्टरांनी पडद्याकडं पाहिलं, मग अर्लिसकडं. "अहो बाई, त्या बरगड्या आहेत तुमच्या!"

अर्लिसचा जीव भांड्यात पडला. इतका जोरात की आधी हसू आलं आणि मग डोळ्यांतून धार लागली, दोन्ही एकदम. डॉक्टरांनी टॉवेल पुढं केला.

"रागावू नका," डोळे पुसत अर्लिस म्हणाली, "आणखी जरा दाखवता? आत काय काय आहे ते?"

डॉक्टरांनी यंत्राची नजर आणखी खोल नेली आणि ठोकळा दोन बरगड्यांच्या मधे तिरका धरला. श्वासाबरोबर एक चमकती रेघ पुढं-मागं सरकत होती. "हे फुप्फुस. आणि हे बघा."

करड्या धुक्यात काहीतरी उघडत होतं, मिटत होतं. कोणी सांगितलेलं नसताना, कोणी बघत नसताना, एकसष्ट वर्षं. अर्लिसनं श्वास रोखला; ते थांबलं नाही.

बाहेर मर्ल अंत्ययात्रेचा काळा कोट घालून बसला होता.

"नुसतं पाणी आहे," तिनं सांगितलं. "आणि मर्ल, मी माझं हृदय पाहिलं."

"बरं," मर्ल म्हणाला आणि उठायला गेला. पण तो पुन्हा खाली बसला. त्यानं टोपीत तोंड घातलं. अर्लिस शेजारी बसली, त्याचा खरखरीत हात तिनं आपल्या मांडीवर घेतला. त्या दिवशी, लग्नानंतर पहिल्यांदाच, ट्वेटांच्या गोठ्यात संध्याकाळची धार तासभर उशिरा निघाली.