तळ्याच्या रकान्यातली माणसं

आमच्या पर्यटन ऑफिसात त्याला सगळे चौकशीराव म्हणत. बस स्टँडच्या तळमजल्यावर आमची एक खिडकी होती, तिच्यावर ‘चौकशी’ अशी पाटी, आणि त्या पाटीखाली एकोणीस वर्षं हा बसलेला. त्याचं खरं नाव आठवायला मलाही हजेरीपट उघडावा लागे. मी वरच्या मजल्यावर, अहवालाच्या टेबलावर. दर महिन्याला खालून खिडकीचा आकडा यायचा, तो मी बाकीच्या आकड्यांत मिळवून पुढे पाठवायचे. तेव्हा ही गोष्ट काही मी लांबून पाहिलेली नाही. यात माझाही हात आहे, तो आधीच कबूल केलेला बरा.

खिडकी म्हणजे काय, तर एक स्टूल, एक फळी, कुरकुरणारा पंखा आणि काचेला छातीच्या उंचीवर पाडलेलं अर्धगोल भोक. समोरच्याचं ऐकायचं तर त्या भोकापाशी वाकावं लागे. एकोणीस वर्षं वाकून वाकून त्याची मान तशीच राहिली होती, घरीसुद्धा तो माणसाशी भोकातून बोलल्यासारखा बोले. पाठीमागच्या भिंतीवर तळ्याचं भलंमोठं पोस्टर होतं. कधीकाळी निळं होतं म्हणतात.

त्या तळ्याच्या गावी त्याची बायको नर्स होती. गावात दवाखाना एक आणि नर्सही एकच, त्यामुळे तिची बदली होत नव्हती. तिथे आमच्या खात्याचं ऑफिसच नव्हतं, त्यामुळे याची होत नव्हती. मधे तीन तासांचा रस्ता. पण खरी गोम पुढेच आहे. तिला सुट्टी रविवारी. आणि पर्यटन खात्यात रविवारी सुट्टी मागणारा माणूस अजून जन्माला यायचाय. जगाला सुट्टी असली की आमची हजेरी. चौकशीरावाला सुट्टी मंगळवारी. सोमवारी संध्याकाळची बस पकडून तो जायचा, दोघं जेवायचे, सकाळी ती ड्युटीवर निघायची आणि हा दिवसभर तिच्या घरातली नळाची चकती नाहीतर दाराची कडी दुरुस्त करत बसायचा.

“चौदा वर्षं झाली ताई,” एकदा तो म्हणाला. “वनवासच. पण ते निदान बरोबर तरी गेले होते.”

मी हसले. तो हसला नाही. त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, रोज संध्याकाळी बायकोसमोर बसून जेवणं. याहून कमी मागणारा माणूस मी पाहिला नाही.

आता माझ्या हाताबद्दल. तो नवा लागला तेव्हा पहिल्या महिन्याचा त्याचा आकडा आला एकतीस. एकतीस माणसं! तेव्हाचे साहेब म्हणाले, ही खिडकी बंद करून तिथे सामान ठेवू. मी खाली गेले. बघते तर खिडकीपुढे ही रांग.

“अरे, एवढी माणसं आहेत, मग एकतीस कसे?”

“ताई, हे सगळे स्वच्छतागृह कुठंय ते विचारायला येतात. पर्यटनाचं विचारणारा दिवसाला एखादाच.”

स्वच्छतागृह खिडकीच्या मागे, वळणावर होतं. बाणाची पाटी होती, ती कधीतरी पडली आणि पुन्हा लागली नाही. मी त्याच्या हातात बोटाने दाबायचं मोजणीचं यंत्र ठेवलं. “हे बघ, विचारायला आला तो प्रवासी. काय विचारलं ते वर कोण बघतंय? आला की दाब.”

त्या महिन्याचा आकडा गेला सहा हजारांवर. खिडकी वाचली. साहेब खूश, मी खूश. पुढे सवय अशी लागली की माणूस भोकापुढे आला की त्याचा अंगठा आपोआप खाली जायचा. टिक. मग मान वर. मग “विचारा.”

पण नुसता आकडा चालत नसे, त्याचे रकाने करावे लागत. किल्ला, लेणी, बागा, तळं आणि इतर. सगळे ‘इतर’मध्ये टाकले तर वरून चौकशी यायची. तेव्हा संध्याकाळी तो ती माणसं वाटून टाकायचा. थोडी किल्ल्याला, थोडी लेण्यांना. आणि उरलेली सगळी तळ्याला. मला ते वर्षभर कागदावर दिसत होतं. एकदा मी विचारलं, “सगळ्यांना तळ्यालाच कसं जायचं असतं रे?”

“हात तिकडेच जातो ताई,” तो म्हणाला. मी आकडा तसाच पुढे पाठवला.

शहराचं पर्यटन तेव्हा तीन जण चालवत होते. आम्ही एक, जिल्ह्याचं मंडळ दुसरं, आणि हॉटेलवाल्यांची संघटना तिसरी. तीन तिघाडा काम बिघाडा. नकाशे तीन होते. आमच्या नकाशात शहराची वेस संपली की जग संपायचं, जिल्ह्याच्या नकाशात शहराच्या जागी एक ठिपका, आणि हॉटेलवाल्यांच्या नकाशात किल्ल्याहून मोठी हॉटेलं. पाहुणा सकाळी उतरायचा, तिन्ही नकाशे घेऊन बुचकळ्यात पडायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचा.

चौकशीरावाने यावर दोन पानांचं टिपण लिहिलं होतं. फार वर्षांपूर्वी, माझ्याच टेबलावर बसून. त्यात लिहिलं होतं की नकाशा एकच असावा आणि तो तिघांनी मिळून काढावा. शहर हे दार आहे, घर पुढे आहे, तेव्हा माणसाला दारात अडवून ठेवू नये. परतीच्या शेवटच्या बसची वेळ नकाशावर छापावी, कारण बस चुकण्याच्या भीतीनेच निम्मे लोक जात नाहीत. आणि शेवटी लिहिलं होतं, प्रश्न जिथे पडतो तिथे उत्तर देणारा माणूस बसवावा. बस स्टँडवर कोणाला काही प्रश्न पडत नाही, तळ्याच्या काठावर उभं राहिल्यावर पडतो. आमच्या खात्यात एवढं शहाणपणाचं मी दुसरं काही वाचलं नाही. साहेबांनी त्यावर ‘पाहिले’ असा शेरा मारला आणि कागद फायलीत गेला.

मग नव्या संचालक मॅडम आल्या. बाई कामाच्या होत्या, त्यात खोट नाही. त्यांनी तिन्ही संस्था एका टेबलाभोवती बसवल्या, बाहेरून सल्लागार आणले. हे सल्लागार तीन महिने आमचे जुने अहवाल चाळत बसले आणि एक दिवस मोठा शोध लागल्यासारखे उठले. एकोणीस वर्षांचे आकडे बघा! सर्वांत जास्त मागणी तळ्याला, आणि तळ्यावर आपला एकही माणूस नाही! उंटावरच्या या शहाण्यांना खाली उतरून एकदा रांगेत उभं राहावंसं वाटलं नाही.

ठराव झाला. तिघांचं मिळून एक मंडळ, एक नकाशा, आणि पहिली नवी शाखा तळ्यावर. तिथे एक अनुभवी माणूस.

मी तीन-तीन पायऱ्या उतरत खाली धावले, माझे गुडघे त्याची साक्ष देतील. चौकशीरावाने ऐकलं आणि तो स्टुलावरून उठून उभा राहिला. रांगेतल्या बाईने विचारलं, स्वच्छतागृह कुठंय, तर तो म्हणाला, “या, दाखवतो,” आणि बाहेर येऊन स्वतः दाखवून आला. त्याच संध्याकाळी त्याने बदलीचा अर्ज दिला. बायकोला फोन केला. तिने दुसऱ्या दिवशी घरमालकाला सांगून टाकलं की आता आम्ही दोघं राहणार, आणि गॅलरीत ठेवायला दुसरी खुर्ची आणली. एवढी वर्षं तिच्या गॅलरीत खुर्ची एकच होती.

बदलीची यादी लागली तेव्हा तळ्याच्या शाखेपुढे आमच्या भांडारपालाचं नाव होतं.

भांडारपाल म्हणजे कोठीत बसून पत्रकांचे गठ्ठे सांभाळणारा. त्याला तळ्याचं नावही नको होतं, पाण्याजवळ त्याला सर्दी व्हायची. तो बिचारा डोक्याला हात लावून बसला. पण त्याच्यावाचून कोणाचं अडत नव्हतं. खात्याची ही रीतच आहे. ज्याच्यावाचून अडत नाही त्याची बदली होते, ज्याच्यावाचून अडतं त्याला शाबासकी मिळते. चौकशीरावाच्या अर्जावर मॅडमनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: ‘महिन्याला अकरा हजार पर्यटक हाताळणारा कर्मचारी मुख्य खिडकीवरून हलवता येणार नाही.’

त्याने तो कागद मला दाखवला. मी वाचला आणि माझी मान वर होईना. हा धोंडा मीच त्याच्या पायाशी आणून ठेवला होता.

“मी सांगून टाकतो,” तो म्हणाला. “आकडे खोटे आहेत म्हणून.”

“चल,” मी म्हटलं. “मीही येते. शिकवलं मी होतं.”

मॅडमच्या खोलीत आम्ही दोघं शाळेतल्या पोरांसारखी उभी राहिलो. त्याने सवयीप्रमाणे मान वाकवली.

“मॅडम, खिडकीचा आकडा... जरा जास्तच धरलाय. तेवढी माणसं नसतात.”

मॅडम हसल्या. “तुमचा विनय मला माहितेय हो. सगळे सांगतात.”

“नाही मॅडम, खरंच. कमी धरा.”

“किती कमी?”

“पुष्कळ.”

त्यांचं हसू गेलं. त्यांनी चष्मा काढला. “हे बघा, तळ्याची शाखा मंजूर झालीय ती याच आकड्यांवर. तुमच्याच खिडकीवर, तुमच्याच तळ्याच्या रकान्यावर. ते खोटे ठरले तर शाखा उद्या रद्द. मंडळ तरी राहील का, मला माहीत नाही. हॉटेलवाले वाटच बघतायत. बोला. आकडे खोटे आहेत?”

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. खरं बोलावं तर तळ्यावर ऑफिसच राहणार नाही. गप्प राहावं तर ऑफिस राहील, आणि हा इथे. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचा उजवा अंगठा मुठीवर खालीवर होत होता, हातात यंत्र नसताना.

“थोडे इकडेतिकडे असतील मॅडम,” तो म्हणाला.

“ते चालतंच,” मॅडम म्हणाल्या आणि चष्मा लावला.

मी तिथे तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. माझी निवृत्ती दोन वर्षांवर होती आणि त्या सगळ्या अहवालांवर सही माझी होती. स्पष्टच सांगायचं तर मी घाबरले.

जिन्यात मी त्याला म्हटलं, “स्वच्छतागृहाची पाटी पुन्हा लावूया. आकडा आपोआप उतरेल. मग तुला कोण अडवतंय?”

“आकडा उतरला की खिडकी बंद,” तो शांतपणे म्हणाला. “आणि कोठीची जागा आता रिकामीच झालीय ताई. मला तिथे बसवतील. तिथे तर भोकही नाही.”

त्याने आधीच सगळा विचार केला होता. प्रत्येक दार ढकलून पाहिलं होतं.

शाखेचं उद्घाटन रविवारी ठेवलं. सकाळी सगळं ऑफिस दोन बसमधून तळ्याला गेलं. खिडकी बंद ठेवता येत नव्हती म्हणून हा राहिला, आणि मी गुडघ्यांचं निमित्त करून राहिले. बस निघायच्या आधी चौकशीरावाने भांडारपालाला पाच पानं भरून माहिती लिहून दिली. कुठल्या बाजूचा काठ निसरडा, होडीवाला दुपारी कुठे भेटतो, शेवटची बस कधीकधी दहा मिनिटं आधी निघते. भांडारपालाने ती न वाचताच खिशात घातली.

“ती जाणार होती बघायला,” चौकशीराव म्हणाला. “रविवार ना. मी म्हटलं, मी नाहीये तिथे, तू कशाला जातेस? तर म्हणाली, ऑफिस तर बघते.”

दुपारी चारला मी दोन चहा घेऊन खाली गेले. रांग होतीच. मी आत, त्याच्या पाठीमागे पोस्टरला टेकून उभी होते. माणसं येत होती, टिक, “विचारा,” मागे डावीकडे. टिक, “विचारा,” मागे डावीकडे. तो वर बघतही नव्हता.

मग भोकापुढे निळ्या काठाची साडी आली. खांद्याला पिशवी, हातात आमचा नवा नकाशा, घडीही न मोडलेला.

टिक.

“विचारा,” तो म्हणाला.

कोणी काही बोललं नाही. मग त्याने मान वर केली.

एकोणीस वर्षांत ती पहिल्यांदा त्या खिडकीपुढे उभी होती. तीन तास बसने आली होती, आणि शेवटची परतीची बस साडेपाचला होती. सकाळी आठला तिची ड्युटी. ती त्याच्याकडे बघत होती, मग तिची नजर खाली त्याच्या अंगठ्याकडे गेली. तिला सगळं माहीत होतं. त्याने तिच्यापासून काही लपवलं नव्हतं.

“छान आहे हो ऑफिस,” ती म्हणाली. “खिडकी तळ्याकडेच उघडते. तुमच्या जागी एक माणूस बसलाय, सारखा शिंकतोय.”

“तू... अगं, आत ये ना. जेवलीस?”

“मोजलंत मला?”

त्याने यंत्राकडे पाहिलं. ते नाकारण्यात काही अर्थ नव्हता.

“मोजलं,” तो म्हणाला.

मागचा माणूस घाई करत होता. तिने नकाशा पिशवीत ठेवला, भोकातून हात आत घातला आणि त्याच्या मनगटावर ठेवला. भोक लहान होतं, हात कोपरापर्यंतच आला. मी चहा तसाच ठेवून दाराशी गेले, पण मला ऐकू यायचं ते आलंच.

“कुठल्या रकान्यात घालणार?”

“तळ्याच्या,” तो म्हणाला. “आजचं एवढंच खरं असेल.”